तीस परार्धांचा थेंब

डेअरीच्या आवारात दुधाचा टँकर आला की तो लगेच रिकामा करत नाहीत. आधी दूध ढवळून नमुना काढतात. फॅट बघतात, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक बघतात, आणि त्यातच आम्लतेची एक छोटी चाचणी उरकतात. पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत १० मिलिलिटर दूध, त्यात फिनॉल्फ्थॅलिन नावाच्या रसायनाचे काही थेंब. वर स्टँडला उभी अडकवलेली, बारीक रेघांची काचेची नळी आणि तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण. खालची तोटी जराशी फिरवली की थेंब दुधात पडतो. काचकांडीने दूध ढवळत राहायचं. पहिला मिलिलिटर पडतो, दूध पांढरंच. आणखी सात थेंब पडतात, तरी पांढरंच. मग एका थेंबासरशी दुधावर फिकट गुलाबी झाक येते आणि ढवळूनही जात नाही. तोटी बंद होते. नळीवरचा आकडा १.४. म्हणजे आम्लता ०.१४ टक्के. दूध ताजं आहे.

दोन-तीन मिनिटांचं हे काम इतक्या सरावाने होतं की त्यात काय घडलं ते बघायला कुणी थांबत नाही. थांबून बघावं असं मात्र त्यात पुष्कळ आहे. दुधात विरघळलेली, डोळ्यांना न दिसणारी, नाकाला आणि जिभेलाही अजून न कळलेली गोष्ट मोजली गेली. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला नाही, वीजही लागली नाही. एक नळी, एक तोटी आणि रंग बदलणारा एक पदार्थ एवढ्यावर काम झालं. या पद्धतीला पुस्तकात अनुमापन म्हणतात. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ती टायट्रेशन म्हणून ठाऊक असते.

तिचं मूळ तत्त्व पंगतीत सापडतं. आत किती माणसं बसली आहेत ते वाढप्याला दिसत नाही, पण हातातल्या पत्रावळी त्याने मोजून घेतल्या आहेत. तो एकेक पत्रावळ आत देत जातो. पान न मिळालेलं माणूस शिल्लक आहे तोवर दिलेली पत्रावळ घेतली जाते. पहिली पत्रावळ परत आली की माणसं संपली. गेलेल्या पत्रावळी मोजल्या की माणसं मोजून झाली, एकाचंही तोंड न बघता.

आम्लाकडे हायड्रोजनचे धनभारित आयन असतात, किंवा ते देण्याची तयारी असते. कॉस्टिक सोड्यासारख्या आम्लारीकडे हायड्रॉक्साइडचे ऋणभारित आयन असतात. एकाला एक भेटला की पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि दोघेही हिशेबातून जातात. एकास एक, कमी नाही की जास्त नाही. म्हणून सोडा किती लागला ते कळलं की आम्ल किती होतं ते कळतं.

आता ही मोजदाद किती मोठी आहे ते पाहू. ब्युरेटमधून, म्हणजे त्या रेघांच्या नळीतून, पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या द्रावणात लिटरमागे ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा असतो. त्यामुळे एका थेंबात सोडा येतो ०.२ मिलिग्रॅम, तराजूला जेमतेम कळेल इतका. त्या थेंबातले हायड्रॉक्साइड आयन किती? तीनावर अठरा शून्यं. आपल्याकडे एकं, दहं, शतं, सहस्र करत संख्यांची जी नावं आली, त्यांची यादी भास्कराचार्यांच्या लीलावतीत परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. म्हणजे एका थेंबातून तीस परार्ध आयन खाली उतरतात आणि तेवढ्याच हायड्रोजन आयनांना गाठतात. मोजणारा माणूस फक्त थेंब मोजतो. परार्धांचा हिशेब निसर्ग स्वतःच चोख ठेवतो.

इथे एक शंका यायला हवी. पत्रावळ परत आली हे वाढप्याला दिसतं. तीस परार्धांच्या गर्दीत आम्ल नेमकं संपलं, हे आपल्याला कळतं कसं? सोडा थोडा थोडा घालत गेलं तर आम्लपणाही थोडा थोडा कमी होत जाणार. मग रंगही हळूहळू बदलायला हवा आणि नेमकी जागा कधीच सापडू नये.

तसं होत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. शंकुपात्रात २५ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ, आणि वरून त्याच तीव्रतेचा सोडा सोडू. दोन्ही ०.१ मोलरची, म्हणजे सोडा मघाचाच, लिटरमागे ४ ग्रॅमचा. आम्ल किती आहे ते सामूच्या मोजपट्टीवर सांगतात. सामू एकाने वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी झाले असं समजायचं. सुरुवातीला सामू १ आहे. साडेबावीस मिलिलिटर सोडा पडला, म्हणजे नव्वद टक्के आम्ल गेलं, तरी सामू जेमतेम २.३ होतो. २४.७५ मिलिलिटरला नव्व्याण्णव टक्के आम्ल संपलेलं असतं आणि सामू ३.३. इतका वेळ जवळपास काहीच घडलेलं नाही. आता पुढचे थेंब. २४.९५ ला सामू ४. आणि त्यानंतर फक्त दोन थेंब पडले की २५.०५ ला सामू १०!

चारावरून दहावर, म्हणजे सहा पायऱ्या. दर पायरी दहापट, म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहा लाख पटींनी घसरलं, आणि तेही दोन थेंबांत. त्याआधीच्या जवळजवळ पाचशे थेंबांनी मिळून जे केलं नाही ते या दोघांनी केलं.

असं का होतं याचं उत्तर पाण्यात आहे. शुद्ध पाण्याचे रेणूही अधूनमधून फुटून आयन देतात, पण फार क्वचित. २५ अंश सेल्सिअसला सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक फुटलेला असतो. त्यामुळे पन्नास मिलिलिटर शुद्ध पाण्यात जेवढे हायड्रॉक्साइड आयन असतात, त्यांच्या हजारपट आयन सोड्याचा एक थेंब घेऊन येतो. आम्ल शिल्लक आहे तोवर ते या थेंबाला गिळून टाकतं आणि वरवर काही दिसत नाही. आम्ल संपल्यावर पडलेला पहिला थेंब मात्र अशा पाण्यात पडतो जिथे त्याला अडवणारं कुणी नाही. पाणी स्वतः इतकं निरिच्छ आहे म्हणूनच आपल्याला ती सीमारेषा इतकी लख्ख दिसते. पाण्याचे रेणू जास्त सढळपणे फुटत असते, तर हा कडा घसरगुंडीसारखा उतरता झाला असता आणि टायट्रेशनची अचूकता तिथेच संपली असती.

हा कडा डोळ्यांना दाखवायचं काम दर्शकाचं. दर्शक म्हणजे सामू बदलला की रंग बदलणारा पदार्थ. आपल्या घरात तो हजारो वर्षं आहे. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की डाग लालभडक होतो. हळदीला चुन्याची किंवा तशाच एखाद्या आम्लारीची जोड देऊन पारंपरिक कुंकू तयार होतं, तेही याच कारणाने: पिवळ्या कर्क्युमिनचा रेणू आम्लारीत लाल दिसतो. हळदीकुंकवाच्या दोन कोयऱ्यांत एकाच दर्शकाचे दोन रंग शेजारी शेजारी ठेवलेले असतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉयलने १६६४ मध्ये रंगांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात व्हायोलेट फुलांच्या सरबताचं वर्णन आहे. आम्ल घातलं की ते तांबडं होतं आणि आम्लारी घातली की हिरवं. रंगावरून आम्ल-आम्लारी ओळखण्याचा इतका पद्धतशीर विचार त्याआधी क्वचितच झाला असेल.

डेअरीतलं फिनॉल्फ्थॅलिन मात्र फुलातून आलेलं नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी ते १८७१ मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. या रेणूच्या मध्यभागी अणूंचं एक छोटं कडं बंद असतं. कडं बंद आहे तोवर रेणू बिनरंगी. आम्लारीत हायड्रोजन निघून जातात, कडं उघडतं, आणि इलेक्ट्रॉनांना रेणूभर पसरायला वाट मिळते. तसे पसरलेले इलेक्ट्रॉन प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात आणि आपल्याला उरलेला गुलाबी दिसतो. सामू साधारण ८.२ च्या पुढे गेला की ही छटा जाणवू लागते आणि दहापर्यंत पुरती चढते. मघाच्या हिशेबात आपण चारावरून दहावर उडी मारली. हा दर्शक बरोबर त्या उडीच्या वाटेवर उभा आहे.

याच रेणूची आणखी एक ओळख वाचकांनी वर्तमानपत्रात वाचली असेल. देशात अनेक ठिकाणी लाचखोराला पकडताना नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची भुकटी लावतात. भुकटी पांढरी, नोटेवर दिसत नाही. पैसे घेणाऱ्याचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. डेअरीच्या वाटीत जे घडतं तेच तिथे घडतं.

हे तंत्र कुठून आलं बघायला गेलं, तर विद्वानांच्या आधी व्यापारी आणि कापडवाले भेटतात. अठराव्या शतकात युरोपात कापड धुऊन पांढरं करायला लाकडाच्या राखेतला क्षार लागे. साबणाला तोच, काचेला तोच. पिंपं भरभरून माल येई, आणि त्यात खरा क्षार किती आणि माती-मीठ किती हे घेणाऱ्याला कळत नसे. एडिंबराच्या फ्रान्सिस होम या डॉक्टरने १७५६ मध्ये कापड पांढरं करण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो राखेच्या क्षारात चमचा चमचा नायट्रिक आम्ल घालतो आणि फसफसणं थांबेपर्यंत चमचे मोजतो. त्याच्याही आधी, १७२९ मध्ये, फ्रान्समध्ये क्लोद जोझेफ जोफ्रॉय याने व्हिनेगरचा कस असाच काढला होता. क्षाराची पूड घालत जायची आणि बुडबुडे थांबले की थांबायचं. विल्यम लुईस याने १७६७ मध्ये अमेरिकेतून येणारा क्षार तपासताना बुडबुड्यांऐवजी रंगावर भरवसा ठेवला. फ्रान्समधल्या देक्र्वाझिल याने १८०६ मध्ये क्षार मोजायचं उपकरणच बनवलं. ब्युरेट आणि पिपेट ही नावं गे-ल्यूसॅकच्या १८२४ च्या लेखातून रूढ झाली. तोटी खाली असलेली, आज आपण ओळखतो तशी ब्युरेट रुळली ती कोब्लेन्झचा औषधविक्रेता कार्ल फ्रीड्रिश मोर याच्यामुळे. टायट्रेशनवरचं त्याचं पाठ्यपुस्तक १८५५ मध्ये आलं.

या साऱ्यांत एक गोष्ट मला फार हलवून जाते. यांपैकी कुणालाही आयन माहीत नव्हते. द्रावणात आयन सुटे वावरतात ही कल्पना स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस या तरुणाने मांडली १८८४ मध्ये. सामूची मोजपट्टी सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली १९०९ मध्ये. म्हणजे दीडशे वर्षं माणसं परार्धांची मोजदाद अचूक करत होती आणि आपण कुणाला मोजतो आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आता प्रत्यक्ष हाताकडे वळू, कारण टायट्रेशनची सगळी मजा हातात आहे. ब्युरेट आधी पाण्याने धुतात आणि मग ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने विसळतात. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकतो. तोटी झटकन पूर्ण उघडून तो घालवावा लागतो, नाहीतर मधेच तो सुटतो आणि त्याची जागा भरणारं द्रावण आपण आम्लाच्या खात्यावर लिहितो. भरताना वर ठेवलेलं नरसाळं काढून घ्यायचं, कारण त्याच्या टोकाचा लटकता थेंब नंतर गुपचूप आत पडतो. नळीतल्या द्रावणाचा पृष्ठभाग काचेपाशी वर चढलेला, मध्ये खोलगट असतो. वाचन त्या खोलगट भागाच्या तळाशी, डोळा त्याच पातळीला आणून. उजव्या हाताच्या माणसाने तोटी डाव्या हाताने फिरवायची आणि उजव्या हाताने पात्र गोल गोल घोळवायचं. हे सुरुवातीला विचित्र वाटतं. सराव झाला की दोन्ही हात आपापलं काम ओळखतात.

पात्राखाली पांढरी फरशी किंवा कागद ठेवलेला असतो. थेंब पडतो त्या जागी क्षणभर गुलाबी फूल उमटतं आणि घोळवताच विरतं. तिथे थोड्या जागेपुरता सोडा जास्त झालेला असतो, भोवतालचं आम्ल येऊन त्याला संपवतं. जसजसा शेवट जवळ येतो तसतसं ते फूल विरायला वेळ लावू लागतं. अनुभवी माणूस इथे तोटी आवळतो. मग एकेक थेंब. मग अर्धा थेंब: तोटीच्या टोकाला लोंबकळेल इतकाच सोडायचा, पात्राच्या कडेला टेकवायचा आणि पिचकारीतल्या पाण्याने खाली धुऊन घ्यायचा. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की झालं. तासाभराने बघाल तर ती पुन्हा गेलेली असते. त्यात चूक काही नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल बनतो आणि शेवटच्या थेंबाचा उरलेला सोडा खाऊन टाकतो.

त्या पिचकारीतल्या पाण्यानेच अनेक विद्यार्थी गोंधळतात. पात्रात पाणी घातलं तर आम्ल पातळ झालं, मग उत्तर चुकणार नाही का? नाही चुकत. पाणी घालून आम्लाचे आयन कमी होत नाहीत, ते फक्त लांब लांब जातात. आपण गर्दी किती दाट आहे ते बघत नाही, माणसं किती आहेत ते मोजतो. म्हणून पात्र ओलं चालतं. ब्युरेट मात्र पाण्याने ओली चालत नाही, कारण तिच्यातल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किती आयन आहेत हे आधीच ठरलेलं असायला हवं. शाळेत ‘एन वन व्ही वन बरोबर एन टू व्ही टू’ एवढं घोकून घेतात. सूत्र बरोबर आहे, पण त्यामागचा हा फरक कुणी दाखवला नाही तर मुलं आयुष्यभर आकडे भरत राहतात आणि आपण काहीतरी मोजलं, हा आनंदच त्यांना मिळत नाही.

ब्युरेटमधलं द्रावण नेमकं किती तीव्र आहे हे तरी कसं कळलं? कॉस्टिक सोडा तोलून पाण्यात टाकला की झालं, असं वाटेल. पण त्याचा दाणा उघड्यावर ठेवला तर बघता बघता ओला होतो. तो हवेतली वाफ ओढतो आणि कार्बन डायऑक्साइडही. तोललेल्या चार ग्रॅमांत सोडा किती आणि हवेतून आलेला ऐवज किती, सांगता येत नाही. म्हणून आधी असा पदार्थ घ्यावा लागतो जो स्वच्छ मिळतो, हवेत बदलत नाही आणि निर्धास्तपणे तोलता येतो. कॉलेजात तो मान बहुधा ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो. ६.३ ग्रॅम तोलून एक लिटर द्रावण केलं की त्यातली आम्लाची संख्या नक्की होते. त्याने सोड्याला जोखायचं, मग सोड्याने दुधाला, व्हिनेगरला, हव्या त्या द्रावणाला. सगळ्या साखळीचं वजन एका तराजूवरच्या एका तोलण्यावर टेकलेलं असतं.

डेअरीत यातही एक सुबक सोय केलेली आढळते. दुधाची आम्लता लॅक्टिक आम्लाच्या रूपात सांगायची रीत आहे, आणि लॅक्टिक आम्लाचा रेणुभार ९०. तेव्हा सोड्याचं द्रावण नेहमीच्या एक-दशांश नॉर्मलऐवजी (म्हणजे लिटरमागे ४ ग्रॅमऐवजी) एक-नवमांश नॉर्मलचं केलं, तर त्याचा प्रत्येक मिलिलिटर बरोबर ०.०१ ग्रॅम लॅक्टिक आम्ल खातो. दूध १० मिलिलिटर घेतलेलं असलं की ब्युरेटवरचा आकडा दहाने भागायचा, टक्केवारी हातात. १.४ वाचलं की ०.१४ टक्के. दूध ठेवून ठेवून जंतूंनी त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल केलं की हाच आकडा १.६, १.८, २ असा चढत जातो, आणि तापवल्यावर दूध फुटायची भीती वाढते. ०.१४ आणि ०.१८ मध्ये अंतर आठ थेंबांचं.

पण ताज्या दुधात, धार काढल्या काढल्या, लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच. तरी सोडा १.४ मिलिलिटर लागतोच. तो जातो कुणाकडे? दुधातल्या केसीनकडे, फॉस्फेट आणि सायट्रेटकडे, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडकडे. म्हशीच्या दुधात केसीन आणि फॉस्फेट जास्त, म्हणून तिचं ताजं दूधही गाईच्या दुधापेक्षा किंचित जास्त सोडा मागतं. टायट्रेशन किती आहेत ते सांगतं, कोण आहेत ते विचारत नाही. ही त्याची मर्यादा आहे आणि ती ओळखून असणारे लोक तिचा गैरफायदाही घेतात. आंबू लागलेल्या दुधात कुणी आधीच सोडा मिसळला तर आम्लता पुन्हा ताज्या दुधासारखी दिसते. म्हणून डेअरीत रोझॉलिक आम्लाची वेगळी चाचणी ठेवलेली असते. सोडा घातलेल्या दुधाला ती गुलाबी-लाल रंग देते. मुलांच्या पोटात जाणाऱ्या पदार्थाशी असा खेळ होतो, म्हणून एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

याचंच मोठं आणि भयंकर रूप २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. अन्नातली प्रथिनं मोजायची एक पद्धत कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेत योहान केलडाल यांनी १८८३ मध्ये बसवली होती. प्रथिनांतल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो आम्लात धरायचा आणि टायट्रेशनने मोजायचा. ती आजही प्रमाण मानली जाते. पण ती नायट्रोजन मोजते, प्रथिन ओळखत नाही. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं, ज्यात नायट्रोजन ठासून भरलेला आहे. चाचणीत प्रथिनं पुरेशी दिसली आणि लाखो बाळांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मोजणी चोख होती. मोजलं जात होतं ते भलतंच होतं.

घरी टायट्रेशन करून बघायचं असेल तर प्रयोगशाळेची गरज नाही. पानाचा चुना पुरतो. चमचाभर चुना लिटरभर पाण्यात घालून बाटली गच्च बंद करून हलवावी आणि रात्रभर ठेवावी. वर येते ती चुन्याची निवळी. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरला साधारण १.६ ग्रॅम, आणि बाकीचा तळाशी बसतो. त्यामुळे कुणीही, कितीही चुना घालून केली तरी निवळीची तीव्रता जवळपास एकच येते. म्हणजे तोलल्याशिवाय प्रमाण द्रावण तयार! हळद थोड्या स्पिरिटमध्ये भिजवून वरचा पिवळा अर्क घ्यावा, तो आपला दर्शक. वाटीत सिरिंजने मोजून १ मिलिलिटर पांढरं व्हिनेगर, थोडं पाणी, अर्काचे चार-पाच थेंब. दुसऱ्या सिरिंजने, सुई न लावता, निवळी थेंब थेंब घालत ढवळायचं. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा असू द्यावा आणि मुलं असतील तर मोठं माणूस जवळ हवं. थेंब पडेल तिथे तांबूस ठिपका येईल आणि जाईल. पिवळ्याचा तांबूस रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं आणि किती निवळी गेली ते लिहायचं. निवळीचा एक मिलिलिटर व्हिनेगरमधलं सुमारे २.६ मिलिग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल संपवतो. चार टक्क्यांच्या व्हिनेगरला साधारण पंधरा-साडेपंधरा मिलिलिटर निवळी लागेल, पाच टक्क्यांच्याला एकोणीसच्या आसपास. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल हवं, म्हणजे साडेचौदा मिलिलिटरच्या अलीकडेच रंग टिकला तर पुन्हा एकदा करून बघावं, आणि मग बाटलीवरचं लेबल वाचावं.